एका पोलवर सगळा जिल्हा उडवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२६च्या जानेवारीत आंतरविद्यापीठ स्पर्धेहून परतणाऱ्या देव मीना आणि त्याच्या सहकारी बांबूउडीपटूला पोलपायी पनवेल स्थानकावर गाडीतून उतरावे लागले, तेव्हा त्याची देशभर बातमी झाली. हळहळ व्यक्त झाली, रेल्वेला चार शब्द सुनावून झाले. मात्र कोणाच्याही मनात साहजिक यावा असा प्रश्न तसाच राहिला: एवढ्या लांबीचे एवढे पोल घेऊन फिरायचेच कशाला? स्पर्धेच्या मैदानावर एखादा ठेवलेला नसतो का?

या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले, तर आपल्या जिल्हा क्रीडा संकुलांत बांबूउडी का रुजत नाही, तेही कळते. तेथे बहुधा खरोखरच एखादा पोल असतो. साहित्याच्या यादीत गोळे, थाळ्या, भाले यांच्या खाली ‘पोल, नग १’. मग पंचेचाळीस किलोची मुलगी आणि सत्तर किलोचा मुलगा त्याच पोलवर सराव करतात. तिच्या हातात तो वाकत नाही, त्याच्या हातात गरजेपेक्षा जास्त वाकतो, आणि दोघांचीही समजूत होते की आपले तंत्र कच्चे आहे. पोल नगावर घ्यायचा नसतो, मालिकेत, म्हणजे लांबी आणि ताठपणाच्या चढत्या क्रमाने, घ्यायचा असतो. आणि मालिकेतला कोणता पोल कोणाला, हे वजनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, रनअपवर, म्हणजे उडीआधीच्या धावेवर, ठरते. खरेदी करणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी हा हिशेब एकत्र बसून मांडावा, यासाठी हे पत्र. ते लांबले आहे, त्याला इलाज नाही.

आधी रनअप. पोल पदरचे काहीच देत नाही. धावताना शरीराला मिळालेली ऊर्जा तो वाकून क्षणभर सांभाळतो आणि सरळ होताना परत करतो. सेकंदाला ८ मीटर वेगाने धावणाऱ्या शरीराची सगळी गती उंचीत बदलली, तर गुरुत्वमध्य ३.२६ मीटर वर जातो. वेग ९ मीटर असेल तर ४.१३ मीटर. प्रत्यक्षात थोडी ऊर्जा वाया जाते, थोडी टेक-ऑफच्या, म्हणजे पायाने जमीन सोडतानाच्या, उसळीने आणि शेवटी हातांनी ढकलल्याने वाढते, शिवाय गुरुत्वमध्य जमिनीपासून मीटरभर वर असतोच. पण ढोबळ चित्र हेच. वेगात सेकंदाला दहा सेंटिमीटरची वाढ झाली की उंचीत आठ-नऊ सेंटिमीटरची शक्यता वाढते. टोकियोत २०२५च्या सप्टेंबरमध्ये ६.३० मीटर ओलांडणारा आर्मंड डुप्लांटिस पोल हातात घेऊन सेकंदाला १० मीटरहून अधिक वेगाने टेक-ऑफला येतो. देव मीनाने २०२५ मध्ये आधी डेहराडूनला ५.३२ आणि मग कोचीला ५.३५ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. डुप्लांटिसच्या आणि मीनाच्या उंचीतल्या मीटरभर अंतराचे मूळ शोधायचे, तर आधी धावपट्टीकडे पाहावे लागते, दंडांकडे नंतर.

रनअपची आखणी मात्र सुरुवातीच्या खुणेपासून नाही, बॉक्सपासून, म्हणजे पोल ज्यात रोवतात त्या धावपट्टीच्या टोकाच्या खड्ड्यापासून, मागे करायची असते. पहिला आकडा टेक-ऑफचा. उजव्या हाताचा खेळाडू उजवा हात वर ठेवतो आणि डाव्या पायावर उडतो. पोलचे बूड बॉक्सच्या मागच्या भिंतीला टेकवून वरचा हात डोक्यावर पूर्ण ताणला, की त्या मुठीच्या बरोबर खाली डाव्या पायाचा चवडा यायला हवा. हे मैदानावर उभे राहून मोजता येते आणि कागदावरही. बुडापासून वरच्या मुठीपर्यंत पोल ४ मीटर आहे आणि चवड्यावर उभे राहून मूठ २.२० मीटर उंच पोहोचते, असे धरू. बॉक्स धावपट्टीच्या पातळीपासून २० सेंटिमीटर खोल असतो, म्हणून उभी बाजू २.४० मीटर. पायथागोरस सांगतो की आडवे अंतर ३.२० मीटर. आता मूठ दहा सेंटिमीटर वर नेली, म्हणजे ग्रिप (बुडापासून वरच्या मुठीपर्यंतची लांबी) ४.१० मीटर झाली, तर तेच अंतर सुमारे ३.३२ मीटर होते. ग्रिप दहाने वाढली की टेक-ऑफ बाराने मागे. बरेच खेळाडू ग्रिप वाढवतात आणि सुरुवातीची खूण तशीच ठेवतात. मग ‘आज पाय आत पडतोय’ अशी तक्रार सुरू होते. तो पडणारच.

पाय आत पडणे ही या खेळातली सर्वांत महागडी चूक आहे. चवडा मुठीच्या खाली असण्याऐवजी तीस सेंटिमीटर पुढे पडला, तर पोल बॉक्सला धडकताना वरचा हात डोक्याच्या मागे खेचला जातो, कंबर कमानीसारखी ताणली जाते आणि पाय जमीन सोडण्याआधीच वेग मरतो. पोल वाकतो खरा, पण तो उडीने नाही, खेचाखेचीने वाकतो. आणि अशा वाकण्यातून परत फारसे काही येत नाही. खांदा आणि कमरेचे मणके यांची दुखणी बहुतेक येथूनच सुरू होतात. पाय थोडा बाहेर पडला, दहा-पंधरा सेंटिमीटर, तर नुकसान त्या मानाने कमी. माजी विश्वविक्रमवीर सर्गेई बुबकाचे प्रशिक्षक विताली पेत्रोव्ह यांच्या पद्धतीत तर पोल बॉक्सच्या भिंतीला पुरता भिडण्याच्या किंचित आधी पाय जमीन सोडतो. ती पुढची पायरी आहे. शाळकरी खेळाडूकडून ती मागू नये, पण चूक करायचीच असेल तर कोणत्या बाजूला करावी, ते त्यातून कळते.

दुसरा आकडा पावलांचा. नवशिक्याला सहा किंवा आठ पावले पुरतात, मधल्या फळीला बारा-चौदा, वरच्या स्तरावर सोळा ते वीस. पावले वाढवण्याची घाई फार दिसते. सहा पावलांवर ज्याचा पोल उभा राहत नाही, त्याचा सोळा पावलांवर उभा राहील ही आशा व्यर्थ आहे, कारण वेगाबरोबर चुकाही वाढतात. पावले कधी वाढवावीत याची साधी कसोटी आहे: बारा पावलांवर शेवटच्या पाच मीटरचा वेग मोजा, मग चौदा पावलांवर मोजा. वेग वाढला नाही, तर ती दोन पावले निव्वळ ओझे आहेत.

हा वेग मोजायला महागडे यंत्र लागत नाही. बॉक्सपासून १० मीटर आणि ५ मीटरवर खुणा करायच्या, मोबाइल तिकाटण्यावर धावपट्टीला काटकोनात, शक्य तितका दूर ठेवायचा आणि सेकंदाला २४० चौकटींच्या स्लो-मोशनमध्ये चित्रण करायचे. कंबर पहिल्या खुणेवर आल्यापासून दुसऱ्या खुणेवर येईपर्यंतच्या चौकटी मोजल्या की झाले. १५० चौकटी म्हणजे सेकंदाला ८ मीटर, १४४ म्हणजे ८.३३, १३२ म्हणजे ९.०९. नेहमीच्या ३० चौकटींच्या चित्रणावर मात्र हा हिशेब करू नये. तेथे एका चौकटीची चूकच पाच-सहा टक्क्यांची होते. असा आकडा दर आठवड्याला वहीत उतरवला, तर पोल बदलायची वेळ आली की नाही यावर वाद घालावा लागत नाही.

तिसरा आकडा सर्वांत उपयोगी, आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित: टेक-ऑफच्या सहा पावले आधीची मधली खूण. खेळाडूला बॉक्स दिसत असतो. शेवटच्या चार-पाच पावलांत तो नकळत पावले आखडती घेतो किंवा लांबवतो आणि कसाबसा टेक-ऑफच्या जागी पोहोचतो. त्यामुळे नुसता टेक-ऑफचा पाय पाहणाऱ्या प्रशिक्षकाला सगळे आलबेल वाटते. वरच्या उदाहरणात टेक-ऑफ ३.२० मीटरवर आहे; धाव बारा पावलांची धरू. शेवटची सहा पावले सरासरी १.९० मीटरची असतील, तर मधली खूण १४.६० मीटरवर येते. पहिली सहा पावले सरासरी १.५५ मीटरची, म्हणून सुरुवात २३.९० मीटरवर. प्रशिक्षकाने धावपट्टीच्या बाजूला १४.६०पाशी उभे राहायचे आणि डावा पाय कोठे पडतो ते पाहायचे. तो १४.२०वर पडला आणि टेक-ऑफ तरीही ३.२०वरच झाला, तर शेवटची पावले १.८३ मीटरवर आखडली आहेत. डोळ्यांना पाय बरोबर दिसतो, पण वेग तुटलेला असतो. उपाय: सुरुवात चाळीस सेंटिमीटर मागे, २४.३०वर. उलट मधला पाय १५ मीटरवर पडला आणि टेक-ऑफ जागेवर, तर शेवटची पावले ताणली गेली आहेत. खेळाडू मागे रेलून टाच पुढे टाकत येतो आणि प्रत्येक पाऊल ब्रेकसारखे लागते. सुरुवात चाळीस सेंटिमीटर पुढे घ्यायची. दोन्ही वेळा सुधारणा मधल्या खुणेच्या चुकीइतकी होते, टेक-ऑफच्या चुकीशी तिचा संबंध नाही. आणि मधली खूण बरोबर असून टेक-ऑफ आत येत असेल, तर सुरुवातीच्या खुणेला हातच लावू नये. दोष शेवटच्या सहा पावलांत आहे, बहुतेक वेळा उशिरा केलेल्या प्लांटमध्ये, म्हणजे पोल वर नेऊन बॉक्समध्ये रोवण्यात.

या सगळ्याला सुरुवात पक्की लागते. चालत येऊन किंवा दोन उड्या मारून धाव सुरू करणाऱ्याची पहिलीच पावले रोज वेगळी पडतात. नवशिक्याने एक पाय खुणेवर ठेवून उभ्याने सुरुवात करावी. वारा समोरून असेल तर पावले आखडतात, म्हणून सुरुवात पुढे घ्यायची. पाठीमागून असेल तर मागे. बारा ते सोळा पावलांच्या धावेत हा फरक वाऱ्याच्या जोराप्रमाणे अर्ध्या मीटरपर्यंत सहज जातो.

पोल धरण्याबद्दल थोडे. पोलचे वजन जेमतेम दोन-तीन किलो असते, पण तो एका टोकाला धरून आडवा नेला की पुढचे टोक खाली ओढते आणि ते सावरताना खांदे उचलले जातात, धड मागे जाते. म्हणून सुरुवातीला टोक उंच, जवळजवळ उभे ठेवायचे आणि धावेबरोबर ते हळूहळू खाली येऊ द्यायचे. पोल पडत असतो, खेळाडू त्याच्याबरोबर धावत असतो. तो वेळेआधी आडवा झाला तर शेवटची सहा पावले त्याला पेलण्यातच जातात. उजव्या हाताच्या खेळाडूची प्लांटची हालचाल शेवटच्या डावा-उजवा-डावा या तीन पावलांत व्हायची: पहिल्या डाव्यावर मूठ कमरेपासून निघते, उजव्यावर कानाशी येते, शेवटच्या डाव्यावर हात पूर्ण वर. शेवटचे पाऊल त्याआधीच्या पावलापेक्षा किंचित आखूड. प्लांट उशिरा झाला म्हणून ओरडण्यापूर्वी पोल किती लवकर आडवा झाला, ते पाहावे.

आता पोल. त्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात, लांबी आणि वजन. उदाहरणार्थ ४ मीटर, ६५ किलो. काही कंपन्या फूट आणि पौंड देतात. तिसरा, फ्लेक्सचा आकडा, बारीक अक्षरांत असतो. पोल दोन टोकांशी टेकवून मध्यभागी ठरावीक वजन, प्रचलित पद्धतीत ५० पौंड म्हणजे २२.७ किलो, टांगले की तो किती सेंटिमीटर खाली झुकतो, तो हा आकडा. आकडा लहान, तितका पोल ताठ. एकाच कंपनीच्या, एकाच लांबीच्या दोन पोलची तुलना त्यावरून अचूक होते. लांबी किंवा कंपनी बदलली की ती तुलना फसते. कोटेशन मागवताना लांबी आणि वजन लिहिले जाते, फ्लेक्स राहून जातो. तो मागावा.

वजनाचा आकडा म्हणजे त्या वजनाच्या खेळाडूने पोलच्या वरच्या टोकाजवळ धरले, तर तो त्याला पेलवेल, एवढेच. अमेरिकेतील शालेय स्पर्धांच्या नियमांत खेळाडूचे वजन पोलवरच्या आकड्यापेक्षा जास्त चालत नाही. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या नियमांत पोल कोणत्याही साहित्याचा, लांबीचा आणि जाडीचा चालतो, ही अट तेथे नाही. आमच्या मते शालेय आणि कनिष्ठ गटांसाठी ती आपल्याकडेही आणावी. पण ती किमान सुरक्षेची मर्यादा आहे, निवडीचा नियम नव्हे. प्रत्येकी ६५ किलोचे दोन खेळाडू घ्या. एक सेकंदाला ७.८ मीटरने येतो, दुसरा ८.८ने. दुसऱ्याकडे सुमारे २७ टक्के जास्त ऊर्जा आहे. पहिल्याला जो पोल जेमतेम वाकवता येतो, तो दुसऱ्याच्या हातात लोळतो.

येथे ग्रिपचा हिशेब पुन्हा येतो. पोल जितका खाली धरावा तितका तो ताठ वागतो, कारण वाकणारी लांबी कमी होते. हा ताठपणा साधारण लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ४.१५ मीटरवर धरलेला पोल ४ मीटरवर धरला, तर तो सात-आठ टक्के ताठ होतो. ६५-७० किलोच्या पोलसाठी ही वाढ सुमारे ५ किलोच्या बरोबरीची. पंधरा सेंटिमीटर म्हणजे पाच किलो, हे सूत्र प्रत्येक प्रशिक्षकाच्या जिभेवर असावे. त्याचा अर्थ असाही होतो की ४.३० मीटरचा पोल ४ मीटरवर धरून ‘मोठा पोल’ वापरल्याचे समाधान मानणारा खेळाडू प्रत्यक्षात दहा किलो ताठ पोल हाती घेऊन बसलेला असतो.

पोल बरोबर आहे की नाही, हे गादी सांगते. खेळाडू गादीच्या मध्याजवळ पडत असेल तर ठीक. बॉक्सच्या जवळ, गादीच्या पुढच्या कडेशी पडत असेल, किंवा पोल उभाच न राहता त्याला परत धावपट्टीकडे टाकत असेल, तर ग्रिप त्याच्या वेगाच्या मानाने उंच आहे किंवा पोल ताठ आहे. ग्रिप ताबडतोब दहा सेंटिमीटर खाली आणावी आणि पुढची उडी त्यानंतरच. येथे एक विरोधाभास दिसेल: ग्रिप खाली आणली की पोल ताठ होतो, मग उपयोग काय? उपयोग हा, की पोल उभा राहण्यासाठी त्याच्या टोकाला जो कंसाकार प्रवास करायचा असतो, तो लहान होतो. उभा राहणे आधी, वाकणे नंतर. त्यानेही भागले नाही, तर कमी वजनाचा किंवा आखूड पोल. याउलट खेळाडू गादीच्या मागच्या भागात पडतो आहे, वर जाताना बारवर छातीने आदळतो आहे, पोल वाकल्यावर उलगडायला वेळ लावतो आहे, तर पोल मऊ पडतो. वरती जागा असेल तर ग्रिप पाच-पाच सेंटिमीटरने वाढवावी. मूठ टोकापासून वीतभर राहिली की त्याच लांबीचा पुढच्या वजनाचा पोल घ्यावा आणि त्यावर ग्रिप पाच-सात सेंटिमीटर खालून सुरू करावी. त्या लांबीतले पोल संपले की मग लांबी वाढवायची.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पोल, ग्रिप आणि बारचे स्टँड एकाच वेळी हलवले, तर उडी का जमली किंवा का फसली हे कोणालाच सांगता येत नाही. स्टँड बॉक्सच्या शून्य रेषेपासून, म्हणजे मागच्या भिंतीच्या वरच्या कडेपासून, ८० सेंटिमीटरपर्यंत मागे नेता येतात. कनिष्ठ खेळाडूंसाठी ते ६० ते ८०च्या दरम्यानच ठेवावेत. खेळाडू गादीच्या पुढच्या कडेशी पडतो म्हणून स्टँड पुढे ओढून बार त्याच्यावर आणणारे दिसतात. उंची ओलांडली जाते, टाळ्या मिळतात. खेळाडू मात्र पुढच्या खेपेला बॉक्सच्या आणखी जवळ पडतो.

स्पर्धेत याच कारणाने पोलची मालिका लागते. सकाळी समोरचा वारा, दुपारी पाठीमागून. पात्रता फेरीत बारा पावले, अंतिम फेरीत सोळा. बार वर जातो तशी ग्रिप आणि ताठपणा दोन्ही वाढत जातात. यजमानांनी ठेवलेला अनोळखी पोल, ज्याची फ्लेक्स माहीत नाही आणि ज्यावर आधी कोणाचे स्पाइक्स पडले ते माहीत नाही, त्यावर साडेपाच मीटरची उडी घ्यायला कोणी शहाणा खेळाडू धजणार नाही. पोल घेऊन फिरावे लागते ते यासाठी.

आता खरेदीचा हिशेब. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. प्रत्येकी दोन पोल दिले, तर ७२ पोल होतात आणि एकाही जिल्ह्यात मालिका होत नाही. शालेय स्पर्धांचे विभाग आठ आहेत. प्रत्येक विभागाला नऊ पोल दिले, तरी पोल ७२च होतात. नऊ कोणते? आमची शिफारस: ३.३५ मीटरमध्ये ४५ आणि ५० किलो, ३.६५ मीटरमध्ये ५०, ५५ आणि ६० किलो, ४ मीटरमध्ये ६०, ६५ आणि ७० किलो, आणि ४.३० मीटरमध्ये ७० किलोचा एक. कंपन्या पाच-पाच पौंडांच्या, म्हणजे सव्वादोन किलोंच्या अंतराने पोल बनवतात, पण पाच किलोंची दरी पंधरा सेंटिमीटर ग्रिपने भरून काढता येते, म्हणून शालेय पातळीवर एवढे पुरते. सगळे एकाच कंपनीचे असावेत, नाहीतर वरची सगळी तुलना कोसळते. निविदेत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी कंपनी स्वस्त ठरते, ही अडचण आम्हाला ठाऊक आहे. त्यासाठीच मालिका तुकड्यांत न घेता एकदम घ्यावी.

मग जिल्ह्यात काय करायचे? रनअप. त्याला बॉक्सही लागत नाही. लांबउडीच्या वाळूत जुना, न वाकणारा पोल खाली धरून चार ते सहा पावलांवर प्लांट आणि टेक-ऑफ शिकवता येतो. धावपट्टीवर पोल घेऊन बारा पावलांची धाव मोजता येते. वर सांगितलेल्या तिन्ही खुणा रोज तपासता येतात. न वाकणाऱ्या पोलला कमी लेखू नये. कॉर्नेलियस वॉर्मरडॅम याने १९४२ मध्ये बांबूच्या पोलवर ४.७७ मीटर ओलांडले होते, आणि आपल्याकडे आजही त्या उंचीला पोहोचणारे मोजकेच आहेत. पोल वाकवायला शिकवायची घाई कशाला? वेगाने येऊन हात वर करून उडणाऱ्याचा पोल आपोआप वाकतो. डिसेंबर-जानेवारीत विभागीय शिबिरात ही मुले आली की वहीतले आकडे पाहून त्यांना मालिकेतला पोल देता येईल.

मैदानांसाठी दोनच मागण्या, आणि दोन्ही स्वस्त. बॉक्स बसवताना त्याची वरची कड धावपट्टीच्या पातळीत असावी. नियमाप्रमाणे तो एक मीटर लांब, पुढे ६० सेंटिमीटर आणि मागच्या भिंतीशी तळाला १५ सेंटिमीटर रुंद, आणि तळ व मागची भिंत यांत १०५ अंशांचा कोन. गवंड्याने नजरेने बांधलेल्या सिमेंटच्या खड्ड्यात भिंत सरळ ९० अंशांवर उभी राहते, आणि वाकलेला पोल तिच्यावर घासतो. पावसाळ्यात पाणी साठते ते वेगळे. दुसरी मागणी एका रंगाच्या डब्याची आहे. धावपट्टीच्या कडेला शून्य रेषेपासून २.५ ते ५ मीटरपर्यंत दर अर्ध्या मीटरवर आणि तेथून १८ मीटरपर्यंत दर मीटरवर खुणा असाव्यात, असे जागतिक संघटनेच्या नियमांतच सुचवले आहे. बालेवाडीसारख्या संकुलात टेप अंथरून भागते; तालुक्याच्या मैदानावर या खुणाच प्रशिक्षकाचे डोळे ठरतील. गादीवर वेगळे पत्र लिहावे लागेल, तूर्त एवढेच की दोन गाद्यांमध्ये फट असेल तर त्या दिवशी सराव नको.

पोलची निगा हा मुद्दा शेवटी आला, तो कमी महत्त्वाचा म्हणून नव्हे. काचतंतूंचा पोल जिथे ओरखडा असतो तिथे तुटतो. स्पाइक्सचा एक टोचा, धावपट्टीवर आपटणे, ट्रकच्या कडेवर टेकवून बांधणे, एवढे पुरते. पोल उन्हात किंवा भिंतीला तिरका टेकवून ठेवू नये. आडवा, तीन-चार ठिकाणी आधार देऊन ठेवावा. बुडाचा रबरी टोप झिजला की बदलावा. प्रत्येक पोलची नैसर्गिक वाकण्याची बाजू असते. दोन टेकूंवर ठेवून हळूच फिरवला की तो ज्या बाजूला स्थिरावतो, ती टेपने खूण करून ठेवावी आणि नेहमी त्याच बाजूने वाकेल असा धरावा. साहित्याच्या नोंदवहीत ‘पोल, नग ९’ लिहून भागणार नाही. प्रत्येकाची लांबी, वजन, फ्लेक्स, खरेदीची तारीख, ओरखडा दिसला ती तारीख आणि तो बुडापासून किती सेंटिमीटरवर आहे, हे सहा रकाने असावेत. नखाने जाणवणारा ओरखडा दिसला की तो पोल मालिकेतून बाहेर काढावा, मग त्यासाठी लेखापरीक्षणाचे कितीही कागद भरावे लागोत.

राहता राहिली रेल्वे. पाच मीटरची नळी प्रवासी डब्यात अडचणीची ठरते, हे मान्य. पण ती पार्सलच्या ढिगाखाली टाकणे म्हणजे ओरखड्यांना आमंत्रण. खेळाडूने संघटनेच्या पत्रासह ७२ तास आधी नोंदणी केल्यास ५.२० मीटरपर्यंतची बंद नळी ब्रेकव्हॅनमध्ये वरच्या बाजूला, तिच्यावर काही न ठेवता नेली जाईल, आणि ज्या गाडीत तेवढी जागा नसेल ती गाडी तिकीट काढतानाच कळेल, असा लेखी आदेश मध्य आणि कोकण रेल्वेने काढावा. त्याची प्रत खेळाडूच्या खिशात असली, की स्थानकावर कोणाशी हुज्जत घालावी लागणार नाही.

आपले विश्वासू,
बांबूउडीचे दोन प्रशिक्षक, पुणे